डॉ. वसंत रामजी खानोलकर : संशोधक घडविणारे संशोधक

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

• डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या जीवनकार्याचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• चेतातंतू आणि कुष्ठरोग यांच्या संबंधाविषयी त्यांनी केलेले संशोधन सोप्या मराठीत मांडता येईल.
• पदव्युत्तर संशोधन-प्रशिक्षण म्हणजे काय, हे त्यांच्या शिष्यपरंपरेच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिताना चरित्रकाराने कोणते भान ठेवावे, याचा विचार करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, चरित्र म्हटले की आपल्या मनासमोर संत, राज्यकर्ते, समाजसुधारक किंवा साहित्यिक उभे राहतात. मराठी चरित्रवाङ्मयात शास्त्रज्ञांची संख्या तुलनेने कमी आहे. शास्त्रज्ञाचे आयुष्य प्रयोगशाळेच्या चार भिंतींत जाते, त्यात नाट्यमय प्रसंग थोडे असतात, आणि त्याचे लेखन बहुधा इंग्रजीत असते. त्यामुळे मराठी वाचकापर्यंत ते आयुष्य पोहोचत नाही. प्रस्तुत घटकात अशाच एका आयुष्याचा परिचय करून घ्यायचा आहे.

आपल्या रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पनवेलच्या खाडीपासून जवळच, खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधनाची संस्था आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांतील अनेक कुटुंबांना ती रुग्णालय म्हणून परिचित आहे. याच आवारातील संशोधनाच्या एका इमारतीचे नाव ‘खानोलकर शोधिका’ असे आहे. पुस्तिका, मार्गिका या शब्दांच्या वळणावर घडवलेला ‘शोधिका’ हा शब्द प्रयोगशाळेला किती शोभून दिसतो, हे मराठीच्या अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावे. या आवारात आज पीएच.डी.चे विद्यार्थी संशोधनाचे शिक्षण घेतात. ज्यांच्या नावाची ही शोधिका आहे, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर होत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. खानोलकर हे आडनाव ऐकताच मराठीच्या विद्यार्थ्याला कवी आरती प्रभू, अर्थात चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात. वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावाची आठवण जपणारे हे आडनाव आहे. आडनाव एक असले, तरी आपल्या अभ्यासाचा विषय असलेले खानोलकर वेगळे. ते वैद्यकातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, प्राध्यापक आणि भारतातील आधुनिक वैद्यकीय संशोधनाच्या आद्य शिल्पकारांपैकी एक होते.

जडणघडण आणि काळाची पार्श्वभूमी

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. पुढल्याच वर्षी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. या साथीतून मुंबईत प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा निर्माण झाली आणि १८९९ पासून ती परळ येथील जुन्या राजभवनात काम करू लागली. पुढे तिलाच हाफकिन संस्था हे नाव मिळाले. खानोलकरांच्या बालपणीच्या मुंबईत वैद्यकीय संशोधन अशा प्रकारे एका आपत्तीच्या पोटी जन्मले होते.

वैद्यकीय शिक्षणाची स्थिती मात्र निराळी होती. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तम डॉक्टर बाहेर पडत. ते रोग ओळखत आणि उपचार करत. परंतु रोग कसा उद्भवतो, या भूमीत तो कोणते रूप घेतो, याचा शोध घेण्याचे रीतसर शिक्षण भारतीय विद्यार्थ्याला क्वचितच मिळे. पाठ्यपुस्तके युरोपातील रुग्णांवर आधारलेली असत आणि येथील विद्यार्थी ती पाठ करीत.

खानोलकरांनी उच्च शिक्षणासाठी लंडनची वाट धरली. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली. भारतात परतल्यावर ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

परळच्या या महाविद्यालयाची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असे हे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी अट देणगीदारांनी घातली होती. ही अट स्वाभिमानाची होती आणि तितकीच जोखमीचीही होती. भारतीय माणूस शिकवू शकतो, एवढे दाखवून भागणार नव्हते. तो स्वतंत्रपणे नवे ज्ञान निर्माण करू शकतो आणि तसे करणारी पुढची पिढी घडवू शकतो, हे सिद्ध करावे लागणार होते. खानोलकरांच्या पुढील आयुष्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे.

रोगाच्या मुळाशी असलेल्या सवयी

विकृतिशास्त्र हे रोगाने शरीरात घडवलेल्या बदलांचे शास्त्र आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला मांसाचा लहानसा तुकडा मेणात बसवतात, त्याचे कागदाहूनही पातळ छेद घेतात, त्यांना रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्या काचेवर जे दिसते त्यावरून रोगाचे निदान होते. या कामात डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो हजारो छेद पाहिल्याशिवाय तयार होत नाही.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने उभारलेल्या या कर्करोग-रुग्णालयात प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासमवेत त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्यात भारतातील तीन प्रथांशी निगडित असलेल्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन होते. पहिली प्रथा चुट्टा ओढण्याची. आंध्रच्या किनारी भागात पेटते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढतात, त्यामुळे टाळूला कर्करोग होतो. दुसरी खैनीची. तंबाखू आणि चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवल्याने त्या जागी कर्करोग उद्भवतो. तिसरी धोतर कमरेला घट्ट बांधण्याची. वर्षानुवर्षे एकाच जागी काच बसून तेथील त्वचेत विकृती निर्माण होते.

या निबंधाचे महत्त्व दुहेरी आहे. विशिष्ट वंशाला विशिष्ट कर्करोग होतो, अशी समजूत त्या काळी बळकट होती. खानोलकरांनी जन्माऐवजी आचाराकडे लक्ष वेधले. वंश बदलता येत नाही, सवय मात्र बदलता येते. म्हणजे ज्या रोगाकडे दैव म्हणून पाहिले जात होते, तो टाळता येण्याजोगा ठरला. दुसरे महत्त्व अध्यापनाच्या दृष्टीने आहे. सूक्ष्मदर्शकाखालील पेशींपुरते पाहून थांबू नये, ज्याची ती पेशी आहे तो माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही विचारावे, असा धडा या निबंधाने विद्यार्थ्यांना दिला. धोतराची गाठ हा शास्त्रीय निरीक्षणाचा विषय होऊ शकतो, हे परदेशी पाठ्यपुस्तकातून कधीच कळले नसते.

चेतातंतूंच्या वाटेवर

खानोलकरांचे नाव प्रामुख्याने कर्करोगाशी जोडले जाते. तथापि चेतासंस्थेच्या अभ्यासातही त्यांचे एक महत्त्वाचे पाऊल आहे आणि ते कुष्ठरोगाच्या निमित्ताने पडले.

प्रथम परिभाषेविषयी. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्यापासून शरीरभर पसरलेल्या, संवेदना व आज्ञा वाहून नेणाऱ्या धाग्यांना बोलीभाषेत आपण ‘नस’ म्हणतो. परंतु हाच शब्द रक्तवाहिनीला आणि स्नायूच्या दोरीलाही वापरतो. जुन्या ग्रंथांत ‘मज्जातंतू’ हा शब्द आढळतो, पण ‘मज्जा’ म्हणजे हाडातील मगज, हाही अर्थ असल्याने घोटाळा होतो. म्हणून परिभाषेत ‘चेतातंतू’ हा शब्द रूढ झाला. या घटकात आपण तोच वापरू.

त्वचेतील स्पर्श मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशीचे मुख्य शरीर पाठीच्या कण्याजवळ असते आणि तिचा एक लांब धागा थेट बोटापर्यंत जातो. या धाग्याला अक्षतंतू म्हणतात. पायाच्या बोटाला पोहोचणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याच्याभोवती आधार देणाऱ्या पेशींचे वेष्टन असते. या वेष्टनपेशींना ‘श्वान पेशी’ असे नाव आहे. येथे कुत्र्याचा काही संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडले आहे.

कुष्ठरोगाचा जीवाणू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. मानवी रोगाशी जोडल्या गेलेल्या पहिल्या काही जीवाणूंपैकी तो एक होता. असे असूनही त्याचा अभ्यास अतिशय अवघड ठरला, कारण प्रयोगशाळेतील कृत्रिम अन्नावर तो वाढत नाही. त्याच्या एका विभाजनाला सुमारे दोन आठवडे लागतात आणि शरीरात शिरल्यावर रोगाची लक्षणे दिसेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. या रोगाला आपल्या भाषेत महारोग, रक्तपिती अशी नावे होती. ती रोगापेक्षा समाजाच्या भीतीचे वर्णन अधिक करतात. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. मुंबईत रुग्णांसाठी १८९० मध्ये आश्रम स्थापन झाला, तो महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे नाव अन्य कारणाने परिचित असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच.

रुग्णाची बोटे झडतात, हात वाकडे होतात, पायाला जखमा होऊन त्या चिघळतात, हे सर्वांना दिसत होते. रोग माणसाला आतून कुजवतो, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली. प्रत्यक्षात बहुतेक विकृतींचे मूळ बधिरतेत असते. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून जखम होते आणि दुर्लक्षित राहते. मग प्रश्न असा की, ही बधिरता रोगाच्या शेवटी येते की प्रारंभापासूनच असते?

खानोलकरांनी रोगाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील चट्ट्यांचे छेद तपासले. हा अभ्यास १९५१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विशेष अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध केला. आरंभीच्या चट्ट्यांतही जीवाणूंचे नाते त्वचेतील सूक्ष्म चेतातंतूंशी असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यावरून त्यांनी एक मांडणी केली. त्वचेतील अक्षतंतूंची टोके उघडी असतात. तेथून जीवाणू आत शिरतात आणि धाग्याच्या वाटेने कण्याच्या दिशेने चढत जातात, असे त्यांचे मत होते. कुष्ठरोग हा केवळ कातडीचा रोग नसून तो मूलतः चेतातंतूंचा रोग आहे, हा या मांडणीचा गाभा होता.

या विचाराचे परिणाम दूरगामी होते. रोगाचे पहिले घर चेतातंतू असेल, तर रुग्णाची बोटे वाकडी होण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. त्वचेवरील फिकट चट्ट्याला स्पर्श कळतो की नाही, कोपराजवळील चेतातंतू जाड झाला आहे का, हे तपासून रोग वेळीच ओळखता येतो. आपल्यापैकी ज्या विद्यार्थिनी आशा सेविका म्हणून काम करतात, त्यांना घरोघरीच्या तपासणीत बधिर चट्ट्याविषयी विचारण्याचे महत्त्व ठाऊक आहे. त्या प्रश्नामागे चेतातंतूंविषयीचे हे ज्ञान उभे आहे.

शिष्यपरंपरा

१९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. येथे त्यांच्या कार्याचे दुसरे अंग ठळकपणे दिसते. विकृतिशास्त्र हे एकट्याने पुरे पडणारे शास्त्र नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी आपल्याभोवती वेगवेगळ्या विद्याशाखांतील तरुण संशोधक गोळा केले. त्यांपैकी तिघांचा परिचय उद्बोधक ठरेल.

डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले. त्यांचा तेथील विषय वनस्पतींच्या गुणसूत्रांचा होता. मुंबईत आल्यावर त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर संशोधन केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जिवंत पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवण्याचे, म्हणजे ऊतकसंवर्धनाचे, तंत्र त्यांनी तेथे आत्मसात केले. परत येऊन परळच्या केंद्रात त्यांनी ऊतकसंवर्धनाची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. १९७३ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला.

डॉ. सत्यवती शिरसाट यांनी याच केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा उभी केली. साध्या सूक्ष्मदर्शकाला पेशीच्या आतील जे बारकावे दिसत नाहीत, ते या यंत्राने दिसू लागतात. एल. डी. संघवी हे तिसरे. त्यांनी आनुवंशिकीचा मार्ग धरला. १९४९ मध्ये संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांतील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

या तिघांचे विषय पाहिले, तर खानोलकरांच्या प्रशिक्षणपद्धतीचे सूत्र हाती येते. एकही शिष्य गुरूची प्रतिकृती झाला नाही. एकीने पेशी जिवंत ठेवण्याचे तंत्र आणले, दुसरीने त्यांच्या आत डोकावण्याचे, आणि तिसऱ्याने त्या पेशी धारण करणाऱ्या समाजाचा अभ्यास केला. गुरूला जे येत होते त्याहून वेगळे शिष्यांना यावे, अशी ही रचना होती. त्यात स्त्रियांना मिळालेले स्थान त्या काळाच्या मानाने विशेष उल्लेखनीय आहे.

कुष्ठरोगाच्या प्रश्नावर या दोन प्रवाहांचा संगम झाला. जीवाणू चेतातंतूंत राहतो, तर चेतापेशींच्या सान्निध्यात तो काचपात्रातही वाढेल का, असा विचार पुढे आला. मानवी गर्भाच्या कण्यालगतच्या चेतागुच्छांतील पेशी वाढवून त्यांच्या द्रवाचा पोषणासाठी उपयोग करण्यात आला. कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जीवाणू या पद्धतीने वाढवल्याचे बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये जाहीर केले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आय.सी.आर.सी. जीवाणू’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

दुरुस्तीची परंपरा

चरित्रकाराची खरी परीक्षा येथे होते. चरित्रनायकाचे प्रत्येक मत बरोबरच ठरले, असे दाखवण्याचा मोह त्याला होतो. खानोलकरांच्या बाबतीत तसे लिहिणे असत्य होईल आणि त्यांच्या कार्याचा अर्थही त्यात हरवेल.

चेतातंतूंच्या विकृतींचा अभ्यास मुंबईत पुढे वाढत गेला. डॉ. दराब दस्तूर यांनी कुष्ठरोगातील त्वचेचे चेतातंतू आणि त्वचेची संवेदनक्षमता यांच्या परस्परसंबंधावर १९५५ मध्ये ‘ब्रेन’ या नामवंत नियतकालिकात निबंध लिहिला. पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जे. जे. रुग्णालय येथे त्यांनी चेताविकृतिशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जगभर वापरात आल्यावर चेतातंतूंतील जीवाणूंची जागा अधिक स्पष्ट झाली. जीवाणूचे मुख्य वसतिस्थान अक्षतंतूच्या भोवतालच्या श्वान पेशीत असते, असे दिसून आले. अक्षतंतूच्या उघड्या टोकातून शिरून वर चढण्याची खानोलकरांनी कल्पिलेली वाट त्यामुळे मागे पडली. रोगाचे घर चेतातंतूंत आहे, हा त्यांचा मूळ विचार मात्र टिकला. विसाव्या शतकाच्या अखेरीस जीवाणू श्वान पेशीला कोणत्या रेणूंच्या साह्याने चिकटतो, याचाही उलगडा होऊ लागला.

जीवाणूच्या बाबतीतही असेच घडले. १९५८ मध्ये वाढवलेला तो जीवाणू कुष्ठरोगाचा प्रत्यक्ष जीवाणू नसून त्याच्या दूरच्या भावकीतील आहे, असे पुढील तपासण्यांनी दाखवले. कुष्ठरोगाचा खरा जीवाणू अद्यापही कृत्रिम अन्नावर वाढवता आलेला नाही. परंतु परळच्या संशोधकांनी आपला जीवाणू टाकून दिला नाही. त्याच्यापासून त्यांनी लस तयार केली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. कुष्ठनिर्मूलनाच्या कार्यक्रमात मुख्य भर १९८० च्या दशकापासून रूढ झालेल्या बहुविध औषधोपचारावरच राहिला, तरी चुकीच्या ओळखीतूनही उपयुक्त फळ निघू शकते, हे यावरून दिसते.

या दोन घटनांकडे अपयश म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु लंडनहून परतलेल्या त्या तरुण प्राध्यापकाच्या काळी स्थिती काय होती, ते आठवावे. त्या वेळी मुंबईतील एखाद्या संशोधकाने मांडलेले मत मुंबईतच तपासून पाहणारी माणसे आणि साधने जवळजवळ नव्हती. तीस-चाळीस वर्षांत ती निर्माण झाली. मत मांडणे, त्याची कसोटी घेणे, ते दुरुस्त करणे, ही सर्व प्रक्रिया येथे होऊ लागली. संशोधनाचे शिक्षण रुजले, याचा याहून मोठा पुरावा कोणता असू शकेल?

सार्वजनिक जबाबदाऱ्या आणि अखेरचा काळ

१९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारतातील विकृतिशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांच्या संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि वैद्यकातील राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली.

त्यांच्या संस्थेचाही विस्तार होत गेला. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. १९६६ मध्ये दोहोंचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र आकाराला आले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे पाव शतकाने संशोधन संस्था परळहून खाडी ओलांडून खारघरला आली आणि त्यांचे नाव आपल्या जिल्ह्यात येऊन स्थिरावले.

मूल्यमापन

खानोलकरांच्या चरित्रातून संशोधन-प्रशिक्षणाविषयी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे पाहण्याचे शिक्षण. छेद असो वा धोतराची गाठ, समोर जे आहे ते पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहणे, हा संशोधनाचा पाया आहे. दुसरी म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे मोल. बधिरता केव्हा सुरू होते, हा प्रश्न साधा आहे, पण तो नेमका विचारल्याने एका रोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तिसरी म्हणजे शिष्याला स्वतंत्र होऊ देणे. ज्या प्रयोगशाळेत गुरूचे मत तपासता येते, तीच प्रयोगशाळा गुरूच्या पश्चात जिवंत राहते.

एका उणिवेचीही नोंद केली पाहिजे. हे सारे ज्ञान इंग्रजीत राहिले. ज्या रुग्णांच्या त्वचेच्या तुकड्यांवर ते उभे राहिले, त्यांची नावे कोणत्याही निबंधात नाहीत आणि त्यांतील बहुतेकांना तो निबंध वाचताही आला नसता. रोग चेतातंतूंत असतो आणि त्यात पापाचा काही संबंध नाही, हे मराठीत, बोलीत, घराघरांत वेळीच पोहोचले असते, तर कितीतरी माणसे गावाबाहेर काढली गेली नसती. ‘महारोगी’ या शब्दाच्या जागी ‘कुष्ठरुग्ण’ हा शब्द येण्यास जो काळ लागला, तो केवळ भाषेचा इतिहास नाही, त्यात माणसांची आयुष्ये गुंतलेली आहेत. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि लोकभाषा यांच्यामधील हे अंतर कमी करण्याचे काम शास्त्रज्ञ एकटा करू शकत नाही. ते भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे. नोकरी, संसार, शेती सांभाळून मराठीचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ते अधिक चांगले साधेल, कारण आपण या दोन्ही जगांच्या सीमेवर उभे आहात.

सारांश

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी लंडन येथे विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन मुंबईत अध्यापन व संशोधन केले. कर्करोगाचा संबंध वंशापेक्षा आचाराशी असतो, हे त्यांनी भारतीय उदाहरणांनी दाखवले. कुष्ठरोग हा मूलतः चेतातंतूंचा रोग आहे, ही त्यांची १९५१ ची मांडणी महत्त्वाची ठरली. तिच्यातील काही तपशील पुढील संशोधनाने दुरुस्त झाले. कमल रणदिवे, सत्यवती शिरसाट, एल. डी. संघवी यांसारख्या संशोधकांच्या रूपाने त्यांनी वेगवेगळ्या विद्याशाखांची परंपरा निर्माण केली. आपले मत तपासू शकतील अशी माणसे घडविणे, हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘वंशापेक्षा आचार’ हे सूत्र खानोलकरांच्या कर्करोगविषयक संशोधनातील तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.

२. कुष्ठरोगातील विकृती आणि चेतातंतूंची बधिरता यांचा संबंध आपल्या शब्दांत सुमारे १५० शब्दांत लिहा. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला समजेल अशी भाषा वापरा.

३. चरित्रनायकाच्या चुकीच्या ठरलेल्या मतांना चरित्रात स्थान द्यावे काय? खानोलकरांच्या उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.

४. नस, मज्जातंतू, चेतातंतू या शब्दांचे आपल्या परिसरातील वापर नोंदवा आणि त्यांच्या अर्थांतील फरक स्पष्ट करा.

५. आपल्या तालुक्यातील एखाद्या दिवंगत शिक्षक, वैद्य किंवा संशोधकाविषयी माहिती गोळा करून सुमारे ५०० शब्दांचे चरित्र लिहा. त्यांनी घडविलेल्या माणसांचा त्यात अवश्य विचार करा.